पाणी लागायच्या आधी

शांतवनभाऊंना हळू बोलता यायचं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यातलं निम्मं त्यांच्या आवाजामुळं घडलं. बोअरिंगच्या मशीनशेजारी वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचा डावा कान कायमचा गेला होता आणि उजवा स्वतःच्या मर्जीनं चालायचा. "मीठ द्या" म्हणाले तरी पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं उठून बसायचं. त्यांच्या बायकोनं एकदा मला सांगितलं होतं, "लग्नाला तीस वर्षं झाली भाऊसाहेब, पर ह्यांनी माझ्या कानात काई सांगितलं न्हाई. जे सांगितलं ते सगळ्या आळीला सांगितलं."

अशा माणसाला नाद कसला असावा? तर अनोळखी माणसाशेजारी बसायचं आणि बोलता बोलता त्याला येशूची गोष्ट सांगायची. काम नाजूक. मनातल्या देवाबद्दल बोलताना माणसं आवाज खाली आणतात, इकडं तिकडं बघतात. शांतवनभाऊंकडं ती सोयच नव्हती. त्यांचं खासगीतलं बोलणं म्हणजे जाहीर सभा.

आमची गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळात. कर्जत-जामखेडच्या पट्ट्यात विहिरींचे तळ उघडे पडले होते. एका ख्रिस्ती संस्थेनं बोअरिंगची गाडी दिली होती. ट्रकवर उभं केलेलं यंत्र, मागं ओढत न्यायचा कॉम्प्रेसर, दोन मदतनीस आणि मुख्य ड्रिलर शांतवनभाऊ. गाडीनं कुठल्या गावाला जायचं त्याची यादी मात्र पंचायत समितीकडं. म्हणून समितीचा एक ओव्हरसिअर गाडीबरोबर फिरायचा. तो मी. वय सव्वीस, नोकरी कच्ची, मिशी त्याहून कच्ची.

आमच्या घराण्यात तीन पिढ्या भिक्षुकी आणि चौथी कारकुनी. आईनं डबा बांधून देताना बजावलं, "त्या ख्रिस्ती माणसाच्या हातचं पाणी पिऊ नकोस हो." म्हणजे तो माणूस सगळ्या तालुक्याला पाणी काढून देणार आणि त्यात मी एकटा कोरडा राहणार! ऑफिसातल्या मंडळींनी वेगळीच भीती घातली. "सांभाळ रे. आठ दिवसांत बाटवील तुला."

मी पूर्ण तयारीनिशी गेलो. वादासाठी तीन मुद्दे पाठ केले होते. त्यातला तिसरा इतका बिनतोड होता, की एकटाच म्हणून बघताना मला स्वतःला टाळी द्यावीशी वाटायची. पहिला दिवस गेला. शांतवनभाऊ मला खडकाच्या जाती सांगत राहिले. यंत्रातून उडणारी भुकटी चिमटीत धरून, जिभेवर ठेवून, "काळा पाषाण. अजून लई खाली जावं लागंल," असं म्हणत राहिले. दुसरा दिवसही खडकातच गेला. तिसऱ्या दिवशी मिरजगावच्या हॉटेलात त्यांनी शेजारच्या बाकड्यावरच्या मेंढपाळाला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, अख्ख्या हॉटेलानं ती ऐकली, भजी तळणाऱ्यानं झारा हवेतच धरून ठेवला. मी सरसावून बसलो. आता आपली पाळी! शांतवनभाऊ माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, च्यात साखर कमी हाय का?"

चौथ्या दिवशी मला हा अपमान सहन होईना.

"शांतवनभाऊ," मी म्हणालो, "वाटेत भेटेल त्याला सांगता. मला मात्र एक शब्द नाही. माझ्यात काय कमी आहे?"

ते आधी पोटभर हसले.

"तुमच्या हातात गावांची यादी हाय भाऊसाहेब. माझी गाडी तुमच्या यादीवर चालती. मी बोललो आन् तुमाला न्हाई पटलं, तरी मी बरोबर फिरनारा मानूस म्हनून तुमी मान डोलवाल. आन् तुमाला पटलं, तर लोक म्हनतील यादीसाठी गळ टाकला. तुमाला न्हाई सांगता येत."

"मग गावकऱ्यांना तरी?"

"त्यांना तर मुळीच न्हाई. त्यांचं पानी माझ्या हातात हाय. पान्यासाठी अडलेला मानूस कशालाबी व्हय म्हनतो."

"मग उरलं कोण?"

"उरले की सगळे परके!" दोन्ही हात पसरून ते म्हणाले. "ज्याचं माझ्यावाचून अडलं न्हाई आन् ज्याच्यावाचून माझं अडलं न्हाई, त्यो. लई हायेत तसले. सगळी यष्टी भरलेली असती."

हा त्यांचा नियम. पाणी लागायच्या आधी गावात एक शब्द नाही, आणि पाणी लागल्यावर तर नाहीच नाही. माझे तीन मुद्दे तसेच पाठ राहिले. आजही आहेत.

अनोळखी माणसाशी बोलणं काढायची त्यांची एक रीत होती. ते त्याच्याकडं पाणी मागायचे. दुष्काळात! गाडीवर पाण्याचं भरलेलं टिपाड असताना! मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, देवाचं बोलायचं तर बोला, पण लोकांचं पाणी कशाला संपवता?" तेव्हा त्यांनी दाखवलं की ते दोन घोटांवर तिसरा घेत नाहीत.

"तानेसाठी न्हाई मागत," ते म्हणाले. "मी कायतरी द्यायला लागलो की मी मोठा व्हतो. मागितलं की समोरचा मोठा. मोठ्या मानसाला न्हाई म्हनता येतं. न्हाई म्हनता येत असंल, तरच बोलन्यात मजा."

बहुतेक लोक त्यांना पाणी वरून ओतायचे. जात कुणी तोंडानं विचारत नसे, पण ख्रिस्ती म्हटल्यावर आज्या-पणज्यांचा अंदाज लोक मनातल्या मनात बांधायचे. शांतवनभाऊ ओंजळ धरायचे. मला तांब्या मिळायचा. पहिले काही दिवस हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आल्यावर मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी ओंजळ धरली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी तांब्यानंच पीत राहिलो.

नियमाला एक अपवाद होता, आणि तो ऐकून तुम्ही त्यांना वेडा म्हणाल. मीही म्हणालो होतो. बोअर कोरडा गेला, की मग ते त्या गावात बोलायचे.

कर्जतच्या बाजूला एका गावात दोनशे फूट खाली जाऊनही नुसती भुकटी उडाली. सकाळपासून उन्हात उभं राहिलेलं गाव. आधी सगळे गप्प झाले, मग पुटपुटायला लागले, मग ते पुटपुटणं वाढायला लागलं. अनुभवी मदतनिसांनी रॉड असे भराभर चढवले, की जणू पोलीस मागं लागलेत. मी ट्रकच्या केबिनच्या दिशेनं सहज म्हणून चार पावलं टाकली. आणि शांतवनभाऊ? दगडावर बसले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "आता बोलू या."

एक तालीमबाज गडी पुढं आला. "पानी न्हाई ते न्हाई, वर देव इकतो व्हय रं?"

"इकत न्हाई दादा. इकायला माल दावावा लागतो. आज माझ्याकडं दावायला काय हाय? भुकटी! म्हनून तर बोलतोय. आता तुमी मला खुशाल हाकलून लावा, तुमचं काई अडनार न्हाई."

कुणीतरी शेणाचा गोळा मारला. नेम शांतवनभाऊंवर होता, शर्ट माझा होता. पण दोन म्हातारे मात्र बसले, ऊन उतरेपर्यंत बसले. शेवटी त्यातल्या एकानं विचारलं, "तुझा देव एवढा मानसांच्या मागं फिरतो म्हनतोस. मग हितं पानी का न्हाई दिलं?"

मी कान टवकारले. हाच तर माझा तिसरा मुद्दा होता!

शांतवनभाऊ त्या भोकाकडं बघत राहिले. "म्हाईत न्हाई," ते म्हणाले. तेही मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. मी त्यांना शेकडो वेळा बोलताना ऐकलं, पण अंगावर काटा आला तो या दोन शब्दांनी. निघताना त्यांनी तिथली भुकटी रिकाम्या काडेपेटीत भरली, वर पेन्सिलीनं गावाचं नाव लिहिलं आणि पेटी खिशात टाकली. कोरड्या गावांच्या अशा पेट्या त्यांच्या घरी फळीवर रांगेत मांडलेल्या असत आणि रोज सकाळी प्रार्थनेत त्यांची नावं घेतली जात. मोठ्यानं, अर्थातच.

त्या दिवशी परत येताना मी विचारलं, हा आडमुठा नियम आला कुठून. ट्रकच्या केबिनमध्ये, इंजिनाच्या वर आवाज चढवून, त्यांनी आजीची हकिगत सांगितली.

त्यांची आजी जुन्या मोठ्या दुष्काळात ख्रिस्ती झाली होती. मिशनच्या आवारात ज्वारी मिळायची. ती चार पोरं घेऊन गेली आणि तिथंच राहिली. पुढं जन्मभर तिला गावानं एकच गोष्ट ऐकवली: भाकरीवर देव बदलला. शाळेत शांतवनभाऊंनाही पोरं तेच ऐकवायची.

"आजी रोज गुडघ्यावर बसायची भाऊसाहेब. डोळ्यातनं पानी यायचं तिच्या. मी ते बघितलंय. पर ती पोटासाठी गेली का मनानं गेली, ते मला कधी कळलं न्हाई. मी इचारलं न्हाई, ती गेली. आन् मला वाटतं, तिला सोतालाबी कळलं नसंल. भुकेच्या पोटी व्हय म्हनलेलं मानसाला सोतालाच वळखू येत न्हाई." मग ते म्हणाले, "तसं व्हय मला कुनाकडनंच नको."

आता एसटीकडं येतो.

मशीनचा बिट झिजला होता. बिट म्हणजे खडक फोडणारं पोलादी टोक. तो नगरला नेऊन, नीट करून, आम्ही एसटीनं खर्ड्याच्या बाजूला परत निघालो. बिट पोत्यात गुंडाळून शांतवनभाऊंनी तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला होता. शेजारी एक गुळाचा व्यापारी. जामखेडपर्यंत त्यानं दम धरला, मग त्याच्यानं राहवेना.

"काय हाय ओ पोत्यात?"

"खडकाचा दात. ह्यानं पानी काढतो. बघा की उचलून!"

खडकावरून पाणी, पाण्यावरून विहीर, आणि विहिरीवरून शांतवनभाऊंची आवडती गोष्ट निघायला कितीसा वेळ?

"येशू लई चालून दमला हुता. दुपारची येळ. गावाभाईर हीर. त्यो काठावर टेकला. जवळ ना दोर, ना पोहरा. तेवढ्यात एक बाई आली घागर घिऊन. परक्या जातीची. ह्याच्या जातीतली मानसं तिच्या जातीच्या हातचं पानी पीत नव्हती. आन् ह्यो काय म्हनतो? बाई, मला पानी दे."

व्यापाऱ्यानं झोपेचं सोंग घेऊन बघितलं, पण त्या आवाजापुढं सोंग टिकतंय कुठलं! पुढच्या बाकावरच्यांनी माना वळवल्या. मागचे उभे राहिले.

"बाई दचकली. म्हनली, तू तुमच्यातला, मी आमच्यातली. तू माझ्याकडं पानी मागतोसच कसा?"

तेवढ्यात आमचा फाटा आला. गाडी थांबली. शांतवनभाऊ बिट खांद्यावर टाकून खाली उतरले. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर, पण दोरी काही ओढली जाईना.

"मग? दिलं का तिनं पानी?"

"चला की ओ!" पुढून ड्रायव्हर ओरडला.

"गप रं! दिलं का न्हाई ओ तिनं?"

"पुढल्या खेपेला!" शांतवनभाऊंनी खालून हात हलवला. "तुमची गाडी माझ्यापायी खोळंबायला नको."

गाडी गेली. लोक खिडक्यांतून मागं बघत होते. खरं सांगायचं तर मलाही पुढचं माहीत नव्हतं. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकली होती आणि चारही वेळा मध्ये कुठला तरी थांबा आला होता. आणि मला स्वतंत्रपणे सांगायला तर त्यांच्या नियमाचीच बंदी!

आठ दिवसांनी यादीतलं पुढचं नाव आलं. खर्ड्याच्या पलीकडची एक वाडी. तिथल्या बायका पहाटे निघायच्या आणि एक घागर घेऊन ऊन चढल्यावर परतायच्या. आम्ही ट्रक लावला, यंत्र उभं केलं, शांतवनभाऊ मदतनिसावर ओरडले, "रॉड सरळ धर, रॉड!" आणि कुडाच्या एका घरातून एक म्हातारी तांब्या घेऊन तरातरा बाहेर आली.

"ह्यो तर यष्टीतला मानूस!"

चेहरा नव्हे, तिनं आवाज ओळखला होता. ही चंद्राआजी. सत्तरीची असेल. लेकीकडून येताना त्याच गाडीत मागच्या बाकावर बसली होती. तिनं शांतवनभाऊंना ओंजळ धरायला लावली, वरून पाणी ओतलं, तांब्या काखेत धरला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "दिलं का रं तिनं पानी?"

"कुनी, आजी?"

"त्या हिरीवरच्या बाईनं! तू आपला उतरून गेलास. मला आठ दिस चैन न्हाई."

शांतवनभाऊंचा चेहरा मी तेव्हा बघितला. आधी तो फुलला. मग त्यांची नजर यंत्राकडं गेली, आणि चेहरा उतरला.

"आजी, आत्ता न्हाई सांगता येत."

"का? इसरलास व्हय?"

"इसरलो न्हाई. हितं माझं मशीन उभं हाय तवर न्हाई."

"मशीन काय तोंड धरतंय तुझं?" ती फणकारली. "गोष्ट अर्धी टाकतोस, भोकबी अर्धंच पाडशील का काय!"

काम तीन दिवस चाललं. रोज सकाळी चंद्राआजी येऊन तोच प्रश्न विचारायची आणि रोज शांतवनभाऊ मान खाली घालायचे. मला ते बघवेना. एवढं काय आहे, मी म्हणालो, म्हातारी आपण होऊन विचारते आहे, सांगून टाका.

"तीस वर्षं सांगतोय भाऊसाहेब," ते म्हणाले. "लोकांनी ऐकलं, हसले, भांडले. पर मागनं येऊन, पुढं काय झालं म्हनून आजपातूर एकानंबी इचारलं न्हाई. हिनं इचारलं. आन् नेमकं हिच्याच दारात माझं मशीन. आज सांगितलं तर उद्या तिलाबी लोक म्हनतील, पान्यावर देव बदलला. माझ्या आजीसारखं."

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. सकाळी सरपंचानं वाडीतल्या सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पाणी लागलं तर बोअरवाले म्हणतील त्या देवाचं नाव आम्ही सगळे घेऊ. आणि दुपारी संस्थेचे मोठे साहेब दोन पाहुण्यांना आणि एका कॅमेऱ्याला घेऊन आले. साहेब आपलेच, मराठी, माणूस सज्जन. पण ज्यांच्या देणगीवर गाडी चालते त्यांना काहीतरी कळवायचं असतं, ही काळजी त्यांच्या कपाळावर कायम असायची.

एकशे सत्तर फुटांवर भुकटी ओली झाली. शांतवनभाऊंनी ती चिमटीत धरली, डोळे मिटले. मग चिखल आला. मग एकदम, कानठळ्या बसवत, पाणी उसळलं. यंत्राच्या शेंड्याएवढं. अहो, काय वर्णन करू! बायका लुगड्यांसकट त्याखाली उभ्या राहिल्या. सरपंच स्वतः नाचला. कुणी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, कुणी शांतवनभाऊंच्या पायावर लोळण घेतली. मशीन बंद झालं, शांतता पडली आणि सरपंच हात जोडून पुढं आला.

"बोला देवा. आता तुमी म्हनाल ते म्हनतो."

साहेब शांतवनभाऊंच्या उजव्या कानाशी वाकले. ते काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही. उत्तर मात्र वाडीच्या वेशीपर्यंत गेलं.

"न्हाई साहेब! मी न्हाई बोलनार!"

साहेब पुन्हा पुटपुटले. चेहरा लाल.

"आज इचारत्यात, साहेब! उद्या हापसा बिघडला म्हंजी देवबी बिघडला व्हय?"

मग ते लोकांकडं वळले. "पानी तुमच्याच खडकात हुतं. आमी नुसतं भोक पाडलं. सांडू नका, घागरी आना." एवढं बोलून ते रॉड पुसायला लागले. गर्दीत चंद्राआजी चिंब भिजून उभी होती. तिनं त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. नुसती बघत राहिली, एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला आज बोलायला काय होतं आहे म्हणून.

पंधरा दिवसांनी समितीच्या पत्त्यावर संस्थेचं पत्र आलं. शांतवनभाऊंना गाडीवरून काढून श्रीरामपूरला गोडाऊनवर नेमलं होतं, सुटे भाग सांभाळायला. पत्र माझ्याच हातात आलं, आणि ते त्यांना वाचून दाखवायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. मी दोन वेळा घसा खाकरला, तीन वेळा चष्मा पुसला, शेवटी एका दमात वाचून टाकलं.

ते उठले. यंत्राजवळ गेले. उन्हात तापलेल्या रॉडवर त्यांनी तळहात टेकला आणि तसाच ठेवला. तो भाजत असणार. बऱ्याच वेळानं ते परत आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पण आवाज नेहमीचाच.

"म्हंजी आता माझ्या हातात कुनाचंच पानी न्हाई, भाऊसाहेब?"

"नाही," मी म्हणालो. मला रडू येत होतं.

"बरं," ते म्हणाले. "श्रीरामपुरातनं खर्ड्याकडं जायला गाडी किती वाजता असती, जरा चौकशी कराल का?"

शेवटचं त्यांना बघितलं ते त्यानंतर दोनेक महिन्यांनी. मी जीपनं खर्ड्याकडून येत होतो. रेडिएटर तापला म्हणून ड्रायव्हरनं त्या वाडीच्या कडेला जीप घेतली. मी डबा घेऊन हापशाकडं निघालो, तर हापसा दिसायच्या आधी आवाज आला. असा आवाज जिल्ह्यात एकच.

चंद्राआजी दांडा हापसत होती आणि शांतवनभाऊ ओंजळीनं पीत होते. रविवारचा धुतलेला सदरा, काखेत छत्री, खांद्यावर कसलाही बिट नाही. मला बघून त्यांनी नुसता हात वर केला, कारण गोष्ट रंगात आली होती. हापशाला तांब्या नव्हता. मीही ओंजळ धरली. म्हातारीनं दोघांना सारखंच पाणी दिलं आणि तोंडानं मात्र त्यांच्याशी भांडण चालू ठेवलं.

"म्हंजी दिलं का न्हाई, त्येच ठाव न्हाई तुला?"

"गोष्टीत ते सांगितलेलंच न्हाई, आजी. दोघं बोलत बसले येवढंच हाय. त्यानं तिला तिच्या मनातलं सगळं सांगितलं. तिला न रागावता सांगितलं."

"आरं पर तान लागली हुती न्हवं त्याला?"

"लागली हुती की."

"मग?"

"मग तिला येवढा आनंद झाला, की ती घागर तितंच टाकून गावाकडं पळाली. लोकांना सांगायला."

चंद्राआजीचा हात दांड्यावरच थांबला.

"घागर टाकून?"

"व्हय."

"हिरीवर?"

"व्हय, आजी."

"भरलेली का रिकामी?"

शांतवनभाऊंनी छत्री ओट्याला टेकवली. तीस वर्षं त्यांनी ही गोष्ट सांगितली होती. मेंढपाळांना, गुळाच्या व्यापाऱ्यांना, कंडक्टरांना. त्यातल्या एकानंही कधी डोक्यावरून पाणी आणलं नव्हतं.

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

"अशी कशी रं गोष्ट सांगतोस?" ती हापशाच्या ओट्यावर बसली. "रिकामी असती तर कडेवर मारून पळाली असती. तिचं वझं कसलं? भरलेली हुती, म्हनून ठिवली. आन् भरलेली घागर बाई उगंच टाकत न्हाई. मानूस तान्हेला बसला हुता न्हवं तितं? त्याच्यासाठी ठिवली." तिनं पदरानं हात पुसले. "दिलं की तिनं पानी. आधीच सांगायचं न्हाई का?"

शांतवनभाऊ उजवा कान तिच्याकडं करून ऐकत होते. ऐकून झाल्यावरही ते तसेच वाकून राहिले. मागं ड्रायव्हर हाका मारत होता. डबा अजून रिकामाच होता.

"व्हय, आजी," ते म्हणाले.

मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो. मला ते जेमतेम ऐकू आलं.